न घडलेल्याची आठवण



या व्याख्यानमालेत आजवर संत, शाहीर, इतिहास, व्याकरण असे विषय झाले. यंदा मंडळाने एका होमिओपॅथी डॉक्टराला बोलावले, तेव्हा मी आधी नकारच दिला. माझ्या घरात मारवाडी बोलतात, दवाखान्यात दिवसभर हिंदी आणि निमाडी चालते, आणि मराठी माझ्या वाट्याला येते ती मुख्यतः वाचण्यापुरती. एवढ्या भांडवलावर साहित्याच्या व्यासपीठावर चढावे का, हा प्रश्न होता. "तुम्ही पेशंटविषयी बोला, भाषेचं आम्ही सांभाळून घेऊ," असे चिटणीसांनी सांगितले, म्हणून हे धाडस.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. रात्री दवाखाना बंद करायच्या वेळी एक साठीचे गृहस्थ आले. औषध नको होते. खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाले, "डॉक्टरसाहेब, मुलगा म्हणतो, तो सात वर्षांचा असताना माझ्या मोठ्या भावानं त्याला भांडाऱ्याच्या कुंडीत ढकललं, आणि मी बाजूला उभा राहून बघत होतो. मला तर असं काही आठवत नाही. पण तो इतक्या खात्रीनं सांगतो, की आता मलाच वाटायला लागलंय, मी विसरलो तर नसेन?"

त्या रात्री मला उत्तर देता आले नाही. त्याहून वाईट म्हणजे, तो प्रश्न त्यांच्या मनात उभा राहायला काही अंशी मीच कारण होतो. ते पुढे सांगेन. ओळख पटू नये म्हणून त्या कुटुंबाचे काही तपशील मी बदलले आहेत. बाकी सारे घडले तसे आहे. मनाच्या आजारात माणसाला न घडलेल्या गोष्टी आठवू लागतात, त्या त्याला खऱ्या का वाटतात आणि घरच्यांनी अशा वेळी काय करावे, हा आजचा विषय.

आठवण म्हणजे रोजमेळ नव्हे

आपल्यातल्या पुष्कळांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या हिशेबाच्या वह्या लिहिल्या गेल्या. रोजमेळात एकदा शाईने नोंद केली की ती तशीच राहते. दहा वर्षांनी पान उघडा, आकडा तोच. आठवणीचेही असेच असते, असे आपण धरून चालतो. लक्ष्मीबाई टिळकांच्या आत्मकथनाचे नाव 'स्मृतिचित्रे' आहे. चित्र म्हटले की काढणारा हात आला, हे त्या एका शब्दाने आपल्याला कधीच सांगून ठेवले आहे.

केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्ये आपल्या ग्रंथात एक साधा प्रयोग मांडला. उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची एक लोककथा त्यांनी इंग्रज माणसांना वाचायला दिली आणि काही दिवसांनी, काही महिन्यांनी पुन्हा सांगायला लावली. प्रत्येक वेळी गोष्ट आखूड होत गेली. अनोळखी तपशील गळाले, त्यांच्या जागी ओळखीचे आले. आदिवासींच्या डोंगीची साधी होडी झाली. कोणी मुद्दाम बदल केला नव्हता. आठवणे म्हणजे साठवलेले बाहेर काढणे नसून दर वेळी नव्याने रचणे आहे, हा बार्टलेट यांचा निष्कर्ष आजही टिकून आहे.

१९७४ मध्ये अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी विद्यार्थ्यांना मोटारींच्या टकरीची चित्रफीत दाखवली. काहींना विचारले, "गाड्या एकमेकींना धडकल्या तेव्हा वेग किती होता?" काहींना विचारले, "गाड्या आदळून चेंदामेंदा झाल्या तेव्हा वेग किती होता?" पहिल्यांनी सरासरी ताशी ३४ मैल सांगितला, दुसऱ्यांनी जवळजवळ ४१. याच धर्तीच्या दुसऱ्या प्रयोगात आठवड्याने विचारले, फुटलेली काच दिसली होती का? काच चित्रफितीत नव्हतीच. तरी 'धडकल्या' ऐकलेल्या ५० पैकी ७ जणांना ती आठवली, आणि 'चेंदामेंदा' ऐकलेल्या ५० पैकी १६ जणांना. प्रश्नातल्या एका शब्दाने काच फोडली.

१९९५ मध्ये लॉफ्टस आणि जॅकलिन पिकरेल यांनी २४ जणांना त्यांच्या बालपणीच्या चार हकिकती दिल्या. तीन नातेवाइकांकडून मिळवलेल्या खऱ्या, आणि एक रचलेली: लहानपणी तुम्ही बाजारसंकुलात हरवला होता. २४ पैकी ६ जणांना ती न घडलेली गोष्ट पूर्ण किंवा अर्धवट 'आठवली'. ही सगळी निरोगी माणसे होती.

आता मी काही शब्द सांगतो, ते फक्त ऐका: गादी, उशी, पांघरूण, रात्र, अंधार, घोरणे, स्वप्न, जांभई, पाळणा, अंगाई. हे शब्द आपण पुन्हा लागणार आहेत.

आपल्या इतिहासातही याचे उदाहरण आहे. उदगीरच्या लढाईनंतर १७६० मध्ये बऱ्हाणपूर आणि असीरगड निजामाकडून मराठ्यांकडे आले. ती लढाई जिंकणारे सदाशिवरावभाऊ पुढच्याच वर्षी, १४ जानेवारी १७६१ रोजी, पानिपतावर पडले. पण भाऊ गेले हे पुष्कळांच्या मनाने घेतलेच नाही. त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनीही ते मानले नाही. काही वर्षांनी 'मीच भाऊ' म्हणणारा तोतया उभा राहिला. पकडला गेला, कैदेत राहिला, आणि १७७६ मध्ये सुटून त्याने कोकणातले किल्ले एकामागून एक घेतले. अखेर त्याच वर्षी त्याला देहदंड झाला. तो खोटारडा असेल. पण त्याच्यात भाऊ ओळखणारे सगळे खोटारडे नव्हते. हवा असलेला चेहरा त्यांच्या आठवणीने समोरच्या चेहऱ्यावर बसवला. न. चिं. केळकरांनी या प्रकरणावर 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिले, ते जुन्या मंडळींना आठवत असेल.

तेव्हा चुकीची आठवण हा वेडाचा पुरावा नव्हे. ती आपणा सर्वांना होते. मग आजारात वेगळे काय घडते?

सायकोसिस म्हणजे काय

सायकोसिसला मराठीत चित्तविकृती म्हणतात. हे एका रोगाचे नाव नाही. ताप जसा अनेक रोगांत येतो, तशी ही अवस्था अनेक आजारांत येते: स्किझोफ्रेनिया, तीव्र उन्माद, अतितीव्र नैराश्य, बाळंतपणानंतरचे काही विकार, गांजासारखी नशा, मेंदूचा संसर्ग, काही प्रकारची फेफरी, म्हातारपणाचा स्मृतिभ्रंश. तिची दोन मुख्य लक्षणे आहेत. एक, भास: कोणी बोलत नसताना आवाज ऐकू येणे, नसलेले दिसणे. दुसरे, भ्रम: पुरावा उलट असला तरी न हलणारी चुकीची समजूत. माझ्यावर पाळत आहे, अन्नात काही घातले आहे, टीव्हीवरचा माणूस माझ्याविषयीच बोलतो आहे. बोलणे-वागणे विस्कटणे हे या दोहोंच्या जोडीला येते.

असीरगडाच्या शिवमंदिरात अश्वत्थामा पहाटे येऊन फूल वाहून जातो, असे आपल्याकडे घराघरात सांगतात. आजोबांच्या काळी कोणी त्याला पाहिले, असेही कोणी सांगेल. हा भ्रम नव्हे. जी समजूत गावाची आहे, परंपरेने आलेली आहे, तिला वैद्यकशास्त्र रोग म्हणत नाही. पण एखादा मुलगा सांगू लागला, की अश्वत्थाम्याने काल रात्री माझ्या डोक्यात यंत्र बसवले आणि शेजारच्यांना ते ठाऊक आहे, तर ती समजूत त्याच्या एकट्याची आहे, आणि ती त्याला इतरांपासून तोडते आहे. फरक इथे आहे.

हे दूरचे दुखणे आहे असे समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ३०० माणसांमागे एकाला स्किझोफ्रेनिया आहे. २०११ च्या जनगणनेत आपल्या शहराची लोकसंख्या दोन लाखांच्या वर होती. तेच प्रमाण ढोबळपणे लावले, तर एकट्या शहरात सातशेच्या आसपास माणसे झाली. सातशे माणसे म्हणजे सातशे घरे.

तारीख जुनी, शाई ताजी

भास आणि भ्रम यांविषयी लोक ऐकून असतात. आठवणीही बिघडतात, हे फारसे कोणी सांगत नाही. जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी १८८६-८७ मध्येच आठवणींच्या बनावटीवर लिहिले होते. दवाखान्यात आपल्याला त्या ढोबळपणे तीन वाटांनी येताना दिसतात.

पहिली वाट: घटना खरी, अर्थ नवा. लहानपणी मामाने जत्रेत पेढा दिला होता, हे खरे. वीस वर्षांनी भाच्याला 'कळते', की त्या पेढ्यात औषध होते आणि आजच्या त्रासाची सुरुवात तिथून झाली.

दुसरी वाट: घटनाच नवी. जे कधी झाले नाही ते रंग, वास, आवाज, माणसे यांच्यासह आठवते.

तिसरी वाट: आज घडते आहे ते आधी घडले होते असे वाटणे. नवा शेजारी आला; रोगी म्हणतो, हा तोच, जो शाळेत माझ्या मागे लागला होता. 'हे आधी झाले आहे' असे क्षणभर आपल्यालाही वाटते, पण आपण हसून सोडून देतो. आजारात ते सुटत नाही.

तिन्हींत एक गोष्ट समान. आठवणीवरची तारीख जुनी असते आणि शाई ताजी. ती सात वर्षांच्या वयाची म्हणून सांगितली जाते, पण तयार झालेली असते गेल्या महिन्यात. घरच्यांना ओळखायला हा सर्वांत उपयोगी धागा आहे.

ही आठवण म्हणजे खोटे बोलणे नव्हे. खोटे बोलणाऱ्याला खरे ठाऊक असते आणि तो ते लपवतो. या रोग्याजवळ लपवायला दुसरे खरे नसतेच. दारूच्या दीर्घ व्यसनात 'ब-१' जीवनसत्त्वाच्या अभावाने स्मृती जाते, तेव्हा माणूस रिकामी जागा भरण्यासाठी काहीही सांगतो. रशियन वैद्य कोर्साकॉफ यांनी १८८७ च्या सुमारास याचे वर्णन केले. पण तिथे सकाळी एक उत्तर, संध्याकाळी दुसरे, आणि विचाराल तसे तिसरे. सायकोसिसमधली आठवण मात्र घट्ट बसते, रोग्याच्या भीतीभोवतीच फिरते, आणि तिच्यावर माणसे नाती तोडतात.

पाणी आले कुठून

मघाच्या शब्दांकडे येऊ. त्या यादीत 'स्वप्न' होता का? होता. 'जांभई'? होता. 'झोप'? पुष्कळांनी मान हलवली. 'झोप' हा शब्द मी उच्चारलाच नव्हता. तो तुमच्या मनाने उच्चारला आणि माझ्या नावावर लिहिला. जेम्स डीस यांनी १९५९ मध्ये आणि हेन्री रोडिगर व कॅथलीन मॅकडरमॉट यांनी १९९५ मध्ये अशाच याद्यांनी हे दाखवून दिले.

यामागचे कारण समजायला आपल्याला भांडाऱ्याशिवाय चांगला दाखला मिळणार नाही. सुमारे १६१५ मध्ये अब्दुर्रहीम खानखानाच्या काळी सातपुड्यातून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यांनी शहरापर्यंत आणले गेले, आणि वर शंभराहून अधिक कुंड्या बांधल्या गेल्या. कुंडीत डोकावले की पाणी दिसते. ते कोणत्या उतारावरून झिरपत आले, हे पाण्यावर लिहिलेले नसते.

आठवणीचेही तसेच. जे पाहिले, जे ऐकले, जे स्वप्नात आले, ज्याची नुसती भीती वाटली, ते सारे मनाच्या तळाशी एकाच प्रवाहात वाहते. 'हे मी पाहिले' आणि 'हे मी कल्पिले' यांतला भेद मनाला दर वेळी ठरवावा लागतो. मार्सिया जॉन्सन आणि कॅरल रे यांनी १९८१ मध्ये या निवाड्याचे विवेचन केले. कल्पनेपेक्षा पाहिलेल्या गोष्टीला जागा, प्रकाश, आवाज अधिक चिकटलेले असतात; त्या खुणांवरून मन निवाडा देते. सायकोसिसमध्ये हाच निवाडा डगमगतो. स्वतःच्या मनातला विचार बाहेरचा आवाज म्हणून ऐकू येतो, तो भास. स्वतःच्या मनातली भीती जुनी घटना म्हणून आठवते, ती मिथ्या स्मृती. म्हणून ही दोन्ही लक्षणे पुष्कळदा हातात हात घालून येतात.

दुसरे कारण खात्रीचे. जर्मनीतले स्टेफेन मोरिट्झ आणि कॅनडातले टॉड वुडवर्ड यांच्या अभ्यासांतून पुढे आले, की स्किझोफ्रेनियाच्या रोग्यांना आठवणीच्या चुकांवर इतरांपेक्षा जास्त खात्री असते. चूक झाली की आपण सहसा म्हणतो, "बहुतेक होता तो शब्द." रोगी म्हणतो, "होताच."

तिसरे कारण मेंदूतल्या डोपामिन या रसायनाचे. कशाकडे लक्ष द्यायचे, काय महत्त्वाचे, याची खूण करण्यात त्याचा वाटा असतो. डॉ. शितिज कपूर यांनी २००३ मध्ये मांडले, की सायकोसिसमध्ये ही खूण भलत्या जागी पडू लागते. रस्त्यावरचा खोकला, दाराची कडी, जुना फोटो, सगळे अर्थपूर्ण वाटू लागते. मग मन त्या अर्थाला कारण शोधते, आणि कारण भूतकाळात सापडते. सापडले नाही तर तयार होते.

इथे मला माझ्या पाठशाळेतला एक धडा आठवतो. जैन तत्त्वज्ञानात इंद्रिये आणि मन यांच्याद्वारे होणाऱ्या ज्ञानाच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत: अवग्रह, ईहा, अवाय, धारणा. आधी काहीतरी जाणवते, मग हे काय असेल याची चौकशी होते, मग निश्चय, आणि मग ते मनात धरले जाते, ज्यातून स्मृती होते. सायकोसिसमध्ये ईहा गळते, असे मी माझ्यापुरते समजतो: जाणवले की लगेच निश्चय, आणि निश्चयाची लगेच आठवण. तत्त्वार्थसूत्रात मिथ्या ज्ञानाला उन्मत्ताची उपमा आहे, आणि तिच्यावरच्या टीकेतला विचार मार्मिक आहे. उन्मत्त माणूस कधी आईला आई म्हणेलही, पण खरे-खोटे निवडून म्हटलेले नसल्याने ते खरे ज्ञान नव्हे. दोष उत्तरात नाही, निवडण्याच्या शक्तीत आहे. नुसते उत्तर दुरुस्त करून रोगी का बरा होत नाही, ते यावरून कळते.

माझी चूक

आता त्या घराकडे वळतो. मुलगा तेवीस वर्षांचा, लूमवर रात्रपाळी करणारा. झोप लागत नाही म्हणून माझ्याकडे आला. होमिओपॅथीत रोग्याची हकिकत सावकाश ऐकायची, त्याच्या शब्दांत लिहून घ्यायची, मध्ये तोडायचे नाही, ही शिकवण खुद्द हॅनेमान यांची. दुसऱ्या भेटीत तो म्हणाला, "लहानपणी मोठ्या काकांनी मला कुंडीत ढकललं होतं. अजून ते पाणी दिसतं." मी हरखलो. अशा हकिकतीत आम्ही दुखण्याचे मूळ शोधत असतो. केस-पेपरवर ते वाक्य लिहून मी त्याखाली दोनदा रेघ ओढली.

मग मी विचारले, "तेव्हा तिथं आणखी कोण कोण होतं?" तो बराच वेळ गप्प बसला. मी पुन्हा विचारले, "घरचं कोणी होतं का? वडील?" पुढच्या भेटीत त्याने सांगितले, "हो, बाबा उभे होते."

श्रोतेहो, त्या आठवणीत त्याचे वडील मी उभे केले. लॉफ्टस बाईंच्या एका शब्दाने काच फुटली, तशी माझ्या एका प्रश्नाने.

मी ज्या गोष्टी विचारायला हव्या होत्या त्या विचारल्या नाहीत. कुंडीत पडलेल्या सात वर्षांच्या मुलाला बाहेर कोणी काढले? हाडबीड मोडले नाही का? आईला, आजीला माहीत नाही? आणि सर्वांत महत्त्वाचे: ही आठवण तुला पहिल्यांदा कधी आली? ती आली होती झोप उडाल्यावर तीन आठवड्यांनी. त्याआधी सोळा वर्षांत तो याविषयी अवाक्षर बोलला नव्हता. आवाज ऐकू येतात का, हेही मी विचारले नाही. ते येत होते.

घरात भांडण पेटले. दोघा भावांचे लूम एकत्र होते, चूल एकत्र होती. मोठ्या भावाच्या बायकोने चूल वेगळी केली. शेवटी तो मोठा भाऊच माझ्याकडे आला. त्याने एक प्लास्टिकची पिशवी टेबलावर ठेवली. आत मनीऑर्डरच्या जुन्या पावत्या होत्या, सुरतेहून दर महिन्याला घरी पाठवलेल्या. ते सबंध वर्ष तो बऱ्हाणपुरात नव्हताच. मला एक शब्द न बोलता त्याने पावत्या पुन्हा पिशवीत भरल्या आणि निघून गेला.

त्या आठवड्यात मी मुलाला आणि वडिलांना घेऊन स्वतः इंदूरला मनोविकारतज्ज्ञाकडे गेलो. निदान स्किझोफ्रेनियाचे झाले. माझ्या गोळ्यांनी ते मी चार महिने लांबवले होते. होमिओपॅथीत मी आयुष्य घातले आहे आणि तिने मला भाकरी दिली आहे. तरीही स्पष्ट सांगतो. सायकोसिसचा संशय आला की मनोविकारतज्ज्ञाकडेच जायचे, त्याच आठवड्यात. या आजारावर डोपामिनचा अतिरेक आवरणारी औषधे आहेत, ती लागू पडतात, आणि उपचार जितके लवकर सुरू होतील तितका माणूस जास्त वाचतो.

घरच्यांनी काय करावे

पहिले: वाद घालू नका. पावत्या दाखवून आठवण जात नाही. उलट पुरावा आणणाराही कटात सामील ठरतो. हॅनेमान यांनीच आपल्या 'ऑर्गेनन'मध्ये बजावले आहे, की मनोरुग्णाशी प्रतिवाद, आवेशाने समजावणे, खडसावणे हे सर्व व्यर्थ आणि घातक आहे. मी ते परीक्षेसाठी पाठ केले होते.

दुसरे: होकारही देऊ नका. "हो रे, काका तसेच आहेत," असे समजूत घालण्यासाठी म्हटलेले वाक्य त्या आठवणीचा साक्षीदार बनते. "आणखी कोण होतं?" असले प्रश्न तर मुळीच नकोत. मधला रस्ता आहे: "तुला असं आठवतंय आणि त्याची भीती वाटतेय, हे मला दिसतंय. मला ते तसं आठवत नाही. पण तुला झोप लागत नाही, त्याचं आपण डॉक्टरांना विचारू." आठवणीवर एकमत लागत नाही, झोपेवर होते.

तिसरे: तारखा लिहून ठेवा. झोप कधी उडाली, एकटे राहणे कधी सुरू झाले, ही आठवण पहिल्यांदा कधी सांगितली, दर वेळी तिच्यात काय वाढले. तज्ज्ञाला ही चिठ्ठी शंभर वर्णनांहून उपयोगी पडते.

चौथे, आणि हे जपून ऐका: रोग्याची प्रत्येक आठवण खोटी ठरवू नका. लहानपणी अत्याचार होतात, घरातल्या माणसांकडूनही होतात, आणि मनाने दुबळ्या झालेल्या माणसावर ते अधिक होतात. 'तो वेडा आहे' ही अत्याचाऱ्याची सर्वांत सोयीची ढाल आहे. ज्या आठवणीला मी डोळे झाकून होकार दिला, तिला डोळे झाकून नकार देणे हीही तितकीच मोठी चूक ठरली असती. चौकशी शांतपणे, रोग्याच्या अपरोक्ष, आणि खुल्या मनाने करा. आपल्या हातून सुटू नये ती हीच ईहा.

पाचवे: लाज बाळगून वेळ दवडू नका, गंडेदोऱ्यांत तर नाहीच. 'टेली मानस' ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर फोन फुकट लागतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी उपचार हा नागरिकाचा हक्क मानला आहे. औषध सुरू झाल्यावर 'बरा झाला' म्हणून आपल्या मनाने बंद करू नका. आजार उलटण्याचे ते नेहमीचे कारण आहे.

लाजेचा विषय निघाला म्हणून आपल्या खानदेशाचेच एक नाव घेतो. मूळचे धुळ्याचे डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडात कॅल्गरीला संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. त्यांनी तो लपवला नाही. पुण्यात रुग्णांच्या कुटुंबांसाठी स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी करण्यात त्यांचा पुढाकार होता. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा २००४ चा 'देवराई' हा चित्रपटही त्यांच्याच प्रयत्नांतून झाला. अतुल कुलकर्णींनी त्यात रंगवलेला शेष आणि त्याला सांभाळणारी त्याची बहीण पाहून कित्येक मराठी घरांनी पहिल्यांदा आपल्या घरातल्या आजाराचे नाव उच्चारले. शक्य झाल्यास एकदा घरच्या सर्वांनी मिळून पाहा.

त्या मुलाचे काय झाले? औषधाने आधी आवाज थांबले, मग झोप आली. आठवण सर्वांत शेवटी ढिली झाली, आणि ती पुसली गेली नाही. सात महिन्यांनी तो मला म्हणाला, "आठवतं अजून. पण आता सिनेमात बघितल्यासारखं वाटतं. झालं नसावं." 'झालं नसावं' एवढ्या दोन शब्दांत त्याचे बरे होणे होते. आज तो कापडाच्या दुकानात काम करतो आणि रात्रीची गोळी चुकवत नाही.

त्याच सुमारास मी त्याच्या वडिलांना त्यांच्या प्रश्नाचे उत्तर दिले. म्हणालो, "भाऊ, तुम्ही काही विसरला नाहीत. ते घडलंच नव्हतं. आणि तुमचं नाव त्यात आलं ते माझ्या विचारण्यातून." ते बराच वेळ गप्प होते. तोवर लूम विकले गेले होते आणि मोठे भाऊ कायमचे सुरतेला गेले होते. निघताना ते दारात थांबले आणि म्हणाले, "हे असं असतं, हे आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, डॉक्टरसाहेब."

म्हणून आज सांगितले.